जळालेले मॉड्यूल आणि घोड्यांचा ट्रेलर : बीडच्या कार्यशाळेतील एक प्रकरण

केज तालुक्यातील एक बागायतदार, ज्यांना गावात लहानथोर सगळेच आबा म्हणतात, आपली चार दारांची पिकअप आणि तिच्यामागे दोन घोड्यांचा ट्रेलर घेऊन बीडमधील आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या कार्यशाळेत आले, तेव्हा लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा तीन आठवड्यांवर आली होती. माळेगावला घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि आबांच्या घरची घोडी दरवर्षी तेथे जातात. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हे काम म्हणजे एक खोके उघडायचे, आतील वस्तू जुन्या वस्तूच्या जागी बसवायची, इतकेच होते. ते खोके त्यांनी सोबत आणलेच होते. त्यात नवे ट्रेलर ब्रेक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारे उपकरण, होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ते मागवण्यात आठ दिवस गेले होते, आणि आता आणखी वेळ घालवण्याची आबांची तयारी नव्हती.

तक्रार अशी होती. दहा-बारा दिवसांपूर्वी दोन घोडी घेऊन बीडकडे येताना, मांजरसुंब्याचा घाट उतरत असताना, प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की ट्रेलर मागून गाडीला ढकलत असल्याचे त्यांना जाणवले. डॅशखालच्या मॉड्यूलचा हिरवा दिवा लागलेला होता आणि ब्रेक दाबल्यावर त्याच्या पडद्यावरचा आकडा वाढतही होता, परंतु ट्रेलर काही आवरत नव्हता. आबांनी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि उरलेला घाट कसाबसा उतरवला. "दिवा पेटायलाय, आकडा बी चढायलाय, पण ब्रेक लागंना झालाय, सर," असे त्यांनी मला सांगितले. त्यांच्या गावाजवळच्या मेकॅनिकने मॉड्यूल गेले असे निदान केले होते आणि ते निदान बरोबर होते. हे मी आरंभीच सांगून टाकतो, कारण पुढचे दोन दिवस मॉड्यूल चांगले की वाईट हे ठरवण्यात गेले नाहीत. ते मॉड्यूल कशाने गेले, हे शोधण्यात गेले.

ही ब्रेकव्यवस्था आपल्या भागात दुर्मीळ असल्यामुळे तिच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे धावतात आणि त्या सगळ्या भाराला थांबवण्याचे काम बहुधा एकटा ट्रॅक्टरच करतो. त्यामुळे ओढल्या जाणाऱ्या वाहनाला स्वतःचा ब्रेक असतो आणि तो पुढच्या वाहनातून विजेने लावता येतो, ही गोष्ट आपल्याकडील अनेक चांगल्या मेकॅनिकांच्याही पाहण्यात आलेली नसते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मात्र पिकअपमागच्या ट्रेलरला असे विद्युत ब्रेक सर्रास असतात. युरोपात ट्रेलरने पुढे ढकलताच त्याच ढकलीच्या जोराने लागणारे यांत्रिक ब्रेक अधिक प्रचलित आहेत. आबांचा ट्रेलर पुण्याकडील एका फॅब्रिकेटरने बांधला होता, परंतु त्याचे दोन्ही एक्सल बाहेरून आणलेले आणि विद्युत ब्रेक असलेले होते. रिकाम्या ट्रेलरचे वजन सुमारे ९५० किलो होते. त्यात प्रत्येकी चारशे किलोंची दोन घोडी, चारा आणि सामान धरले, तर पिकअपमागे साडेअठराशे किलोंचा भार होतो. एवढा भार घाटात केवळ पिकअपच्या ब्रेकवर सोपवणे धोक्याचे आहे.

चार चाकांच्या ड्रममध्ये प्रत्येकी एक विद्युतचुंबक असतो. मॉड्यूलमधून वीज आली की तो चुंबक ड्रमच्या आतील सपाट कडेला चिकटू पाहतो, फिरणारा ड्रम त्याला आपल्यासोबत ओढतो, आणि त्या ओढीने तरफ फिरून ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे ब्रेकचा खरा जोर विजेतून नव्हे, तर चाकाच्या फिरण्यातूनच येतो. चाक उभे असेल, तर चुंबक नुसता चिकटून बसतो. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण या प्रकरणातला एक धागा तिथेच गुंतलेला आहे. मॉड्यूलचे काम एवढेच की चालकाने ब्रेक दाबला हे ब्रेकच्या दिव्याच्या तारेवरून ओळखायचे, गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतो आहे हे आतल्या संवेदकाने मोजायचे, आणि त्या प्रमाणात चुंबकांना वीज सोडायची. ती वीज अखंड नसते; सेकंदाला अनेकदा चालू-बंद होणाऱ्या ठोक्यांनी ती सोडली जाते आणि ठोक्यांची रुंदी वाढवली की ब्रेकचा जोर वाढतो. अशा मॉड्यूलला सर्वसाधारणपणे चार तारा असतात. काळी बॅटरीच्या धनाग्राकडे, पांढरी ऋणाग्राकडे, लाल ब्रेकच्या दिव्याकडे आणि निळी ट्रेलरच्या चुंबकांकडे जाते. रंगांचा हा संकेत मॉड्यूलच्या बुडाशी असलेल्या तारांपुरताच खरा धरावा. आबांच्या गाडीत तेथून पुढे सगळीकडे एकाच लाल रंगाची तार ओढलेली होती, कारण बसवणाऱ्याकडे त्या दिवशी बहुधा तेवढेच एक बंडल होते.

पहिली तपासणी ट्रेलर सोडवून केली. पिकअपच्या मागील सात पिनांच्या सॉकेटमध्ये निळ्या तारेच्या पिनवर मीटर लावला आणि मॉड्यूलवरची हाताने ब्रेक लावण्याची कळ पूर्ण सरकवली, तेव्हा मीटरने १२.१ व्होल्ट दाखवले. येथेच थांबलो असतो, तर मॉड्यूल निर्दोष ठरले असते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज घेत नाही. त्यामुळे जळत आलेल्या सांध्यातून किंवा एका पदरावर तग धरून असलेल्या तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. चार चुंबक बारा-चौदा अँपिअर मागतात, आणि प्रश्न तेवढी वीज मिळते का हा असतो. म्हणून त्याच पिनवर हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन दिवे भार म्हणून जोडले. थंड दिव्याची तार सुरुवातीला फार जास्त वीज ओढते आणि काही मॉड्यूल तिला शॉर्ट समजून आपोआप बंद होतात. तो गोंधळ टाळण्यासाठी जोर शून्यापासून हळूहळू वाढवत नेला. दिवे तांबूस होण्यापलीकडे गेले नाहीत आणि पिनवरचे व्होल्ट ३.१ पर्यंत घसरले. पडद्यावरचा आकडा मात्र शेवटपर्यंत पूर्ण जोर दाखवत होता. तो आकडा मॉड्यूल किती वीज देऊ इच्छिते हे सांगतो. चुंबकांपर्यंत किती पोहोचली हे त्याला ठाऊक नसते. आबांना घाटात चकवणारा आकडा हाच होता.

आता दोष मॉड्यूलचा की मागे जाणाऱ्या तारेचा, हे वेगळे करायचे होते. भार तसाच ठेवून मॉड्यूलच्या बुडाशी मोजले, तेव्हा येणाऱ्या काळ्या तारेवर १२.२ व्होल्ट मिळाले, पांढऱ्या तारेत जेमतेम ०.१ व्होल्टची घट होती, आणि निळ्या तारेवर बाहेर पडतानाच केवळ ३.३ व्होल्ट होते. कार्यशाळेतील एक सुटा चुंबक थेट निळ्या तारेला जोडून पाहिला. त्याचा रोध ३.२ ओहम आहे, म्हणजे बारा व्होल्टवर त्याने पावणेचार अँपिअर घ्यायला हवे होते; त्याने ०.९ अँपिअर घेतले. याउपर शंकेला जागा नव्हती. मॉड्यूल काढून उघडले, तेव्हा निळ्या तारेला वीज सोडणाऱ्या मॉस्फेटभोवतीची (मॉस्फेट म्हणजे वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पट्टी काळी पडलेली होती, शेजारच्या जोडाचे झाळण वितळून पुन्हा गोठल्यासारखे खडबडीत झाले होते, आणि जळक्या वार्निशचा वास अजून येत होता.

"मग बसवा की नवं," आबा म्हणाले.

मी नवे खोके कपाटात ठेवले. त्यांना ते आवडले नाही आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण त्यांच्या बाजूने पाहिले तर दोष सापडला होता, सुटा भाग हजर होता आणि मेकॅनिक हात आखडून बसला होता. माझी अडचण अशी की मॉस्फेट असा विनाकारण काळा पडत नाही. एक तर त्याच्यातून क्षमतेबाहेर वीज वाहिलेली असते, नाही तर जेथून वीज बाहेर पडायची तेथून ती उलट आत शिरलेली असते, आणि दोन्ही गोष्टींचे मूळ मॉड्यूलच्या बाहेर असते. चार चुंबकांच्या ट्रेलरसाठी २० अँपिअरचे संरक्षण पुरेसे असते. शॉर्ट झाला असेल, तर आधी फ्यूज उडायला हवा होता. म्हणून बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज पाहिला. फ्यूजच्या होल्डरमध्ये फ्यूज नव्हताच; त्याच्या दोन पात्यांच्या जागी तांब्याच्या तारेचे पदर पिळून घातलेले होते.

आबांना ते आठवले. पावसाळ्यात फ्यूज लागोपाठ दोनदा उडाला, तिसरा जवळ नव्हता, आणि वाटेतल्या एका माणसाने तार घालून दिली. "त्यानंतर एकदा बी उडाला नाही," असे त्यांनी समाधानाने सांगितले. तार उडत नसते, हे मी त्यांना सांगितले. तिच्याऐवजी दुसरे काहीतरी जळते.

फ्यूज उडवणारा दोष म्हणजे ट्रेलरच्या बाजूला होता. ट्रेलरच्या प्लगवर चारही चुंबकांचा एकत्रित रोध मोजला. चार चुंबक समांतर जोडलेले असतात, म्हणून ३.२ भागिले चार, म्हणजे ०.८ ओहम मिळायला हवा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा ०.२ ओहम वजा केल्यावर ०.८ मिळाला नाही, सुमारे १.१ मिळाला, आणि हा आकडा तीन चुंबकांचा आहे. मग वेगळ्या बॅटरीवरून, मध्ये २० अँपिअरचा फ्यूज घालून, चुंबकांना वीज दिली आणि प्रत्येक चाकाशी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून तिच्यातून वाहणारी वीज मोजणारा मीटर) लावला. तीन ठिकाणी साडेतीन अँपिअरच्या आसपास वीज वाहत होती, डाव्या मागील चाकाकडे शून्य.

येथे काही काळ मी अडलो. तुटलेली तार फ्यूज उडवत नाही, आणि सापडलेला दोष तर तुटलेल्या तारेचा होता. चुंबकांची कॉइल आतून घासून देहाला लागली आहे का, हे पाहण्यासाठी एकेक चुंबक सुटा करून त्याचा धातूचा देह बॅटरीच्या एका टोकाला आणि तारा दुसऱ्या टोकाला लावून गळती मोजली. ती कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर जॅकने उचलून घोड्यांवर ठेवला. (गाडी टेकवण्याच्या लोखंडी तिपाईला आमच्याकडे घोडी म्हणतात. "चार घोड्या लावा रे ट्रेलरखाली," असे मी पोराला ओरडून सांगितले, तेव्हा आबांच्या घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार चाचा दचकून उठले होते.) चाके मोकळी लोंबकळू लागली, वीज चालू ठेवून मी मागच्या एक्सलच्या नळीच्या तोंडाशी असलेली तार हाताने हलवली, आणि क्लॅम्प मीटरवरचा आकडा एकदम चाळीसच्या वर जाऊन फ्यूज उडाला.

उजव्या चाकाकडून डाव्या चाकाकडे जाणारी तार एक्सलच्या पोकळ नळीतून ओवलेली होती. अशा ट्रेलरांमध्ये ही नेहमीची पद्धत आहे आणि नेहमीचा दुखणाईत भागही तोच आहे. नळीच्या तोंडाला रबरी ग्रोमेट, म्हणजे तार धारेला घासू नये म्हणून बसवायचे कडे, नव्हता. कापलेल्या लोखंडाच्या धारेवर तार वर्षभर घासत राहिली, आधी वेष्टण गेले, मग तांब्याचे पदर एकेक करून तुटले, आणि शेवटी तुटलेले जिवंत टोक नळीच्या आत मोकळे राहिले. गाडी उभी असताना ते टोक कशालाही लागत नसे, म्हणून मोजताना केवळ एक चुंबक कमी दिसे. रस्त्यात खड्डा आला की तेच टोक नळीला लागून शॉर्ट होई. म्हणजे तुटलेली तार आणि शॉर्ट असे दोन वेगळे दोष नव्हतेच. उभ्या आणि धावत्या ट्रेलरमधला तो एकच दोष होता. पावसाळ्यात नळीत शिरलेले काळ्या मातीचे पाणी वाळून तेथे चिखलाचा लेप बसलेला होता, त्याने गंजाला मदत केलेली असणार.

ड्रम उघडल्यावर या घटनांचा क्रमही स्पष्ट झाला. तीन चाकांचे लायनर (शूवरचे, ड्रमला घासणारे अस्तर) सारखे झिजलेले होते आणि डाव्या मागच्या चाकाचे जवळजवळ नवे होते. म्हणजे ते चाक फार पूर्वीपासून, मॉड्यूल जाण्याच्या कितीतरी आधीपासून, ब्रेक लावत नव्हते. तार तुटली, पावसाळ्यात शॉर्ट होऊ लागला, फ्यूज दोनदा उडाला, त्याच्या जागी तांब्याची तार आली, आणि त्यापुढचा प्रत्येक धक्का मॉड्यूलने स्वतः सोसला. अशा मॉड्यूलमध्ये शॉर्टपासून वाचण्याची अंतर्गत सोय असते. ती अधूनमधून होणाऱ्या अपघातासाठी असते. केज ते बीड रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यासाठी ती नसते.

एवढ्यावर प्रकरण पुरे झाले असते. परंतु ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरची लहान बॅटरी मोजली, तेव्हा ती १०.४ व्होल्टवर निपचित पडलेली आढळली. ही बॅटरी ब्रेकअवे स्विचसाठी असते. चालू रस्त्यात ट्रेलर हुकमधून सुटला, तर पिकअपला बांधलेल्या दोरीने स्विचची पिन ओढली जाते आणि ही बॅटरी चारही चुंबकांना वीज देऊन ट्रेलर जागीच थांबवते. ट्रेलर कधीही सुटलेला नसताना बॅटरी इतकी का उतरावी, हे आबांना सांगता येईना. चाचांना सांगता आले.

"उतारावर गाडी सरकती, सर. घोडी उतरवताना फळी हलली की जनावर बिचकतं. म्हणून मी पिन ओढून ठेवतो. घोडी उतरली की परत बसवतो."

त्यांनी हे वर्षभर केले होते, आणि प्रत्येक वेळी ट्रेलरचा प्लग पिकअपमध्ये लावलेला असे. चाचांचा हेतू जनावराच्या काळजीचा होता आणि पिन ओढल्यावर ट्रेलर थोडा सरकून थांबतो, हा त्यांचा अनुभवही खोटा नव्हता. चाक किंचित फिरले की चुंबक ओढला जातो आणि शू चिकटतात. परंतु त्या वेळी ट्रेलरच्या बॅटरीची वीज निळ्या तारेतून मागे, मॉड्यूलच्या बाहेर पडण्याच्या टोकात शिरत होती. ब्रेकअवे स्विचची चाचणी प्लग काढूनच घ्यावी, अशी सूचना या मॉड्यूलांसोबत दिलेली असते ती याचसाठी. शिवाय चार चुंबक पूर्ण जोराने बारा अँपिअर आणि वर घेतात. एवढी छोटी बॅटरी त्यांना फार काळ पुरत नाही, आणि खऱ्या अपघाताच्या वेळी ती रिकामी असली, तर स्विच असून नसल्यासारखा होतो.

मॉस्फेट शॉर्टने गेला की उलट आलेल्या विजेने, हे मला खात्रीने वेगळे करता आले नाही. जळण्याची खूण दोन्हींत जवळपास सारखीच असते. माझा कल शॉर्टकडे आहे, कारण फ्यूजच्या जागी तार आल्यानंतर काही आठवड्यांतच मॉड्यूल गेले, आणि पिन ओढण्याची सवय तर त्याच्या किती तरी आधीची होती. तरीही दुरुस्ती दोन्ही कारणांची करायची असे ठरले, कारण नवे मॉड्यूल यांपैकी कोणत्याही एका कारणाने तितक्याच सहज गेले असते.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ तारांनी घेतला. आधी बसवणाऱ्याने पिकअपपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंत १.५ वर्ग मिलिमीटरची तार वापरली होती. मॉड्यूलपासून एक्सलपर्यंत अंतर सुमारे ११ मीटर, आणि वीज जाऊन परत यायची असल्याने हिशेबात ते २२ मीटर होते. या लांबीत त्या तारेचा रोध पाव ओहमच्या वर जातो. चुंबकांचा एकूण रोधच जेथे ०.८ ओहम आहे, तेथे पाव ओहम म्हणजे फार झाले. इंजिन चालू असताना चुंबकांपर्यंत दहा व्होल्टही पोहोचत नव्हते आणि जो जोर चाकात लागायचा तो तार तापवण्यात जात होता. ४ वर्ग मिलिमीटरची तार घेतली की हाच रोध ०.१ ओहमच्या आत येतो. म्हणून सगळी तार बदलली, आणि या वेळी निळी व पांढरी असे दोन वेगळे रंग वापरले. पांढऱ्या तारेबद्दल मी विशेष आग्रही होतो. आधी ट्रेलरचे अर्थिंग हुकच्या बॉलमधूनच, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या लोखंडी गोळ्यातूनच, होत होते. ग्रीस, गंज आणि धूळ यांच्यातून बारा अँपिअर परत येण्याची अपेक्षा बाळगणे म्हणजे ब्रेक नशिबावर सोडणे आहे. आता प्रत्येक चाकापासून पांढरी तार स्वतंत्र येऊन प्लगपर्यंत जाते आणि तेथून बॅटरीच्या ऋणाग्रापर्यंत पोहोचते. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी तार नळीतून काढून एक्सलच्या मागील अंगाने, स्लीव्ह घालून, क्लॅम्पने पक्की बांधली. टोकांना थिंबल (तार जोडण्याचे धातूचे टोक) दाबून बसवले आणि वर झाळण दिले. पीव्हीसी टेप कुठेही वापरली नाही, कारण मराठवाड्यातील उन्हाळ्यात तिचा डिंक एका मोसमात वितळतो आणि टेप उलगडून लोंबू लागते.

फ्यूजच्या होल्डरसह तांब्याची तार काढून टाकली आणि तेथे आपोआप पूर्ववत होणारा २० अँपिअरचा सर्किट ब्रेकर बसवला. जास्त वीज गेली की तो तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. घाटात फ्यूज उडाला, तर ट्रेलरचा ब्रेक खाली उतरेपर्यंत गेलेलाच राहतो. येथे तो काही क्षणांत परत मिळण्याची शक्यता असते. आणखी एक कारण मी आबांना सांगितले नाही. सर्किट ब्रेकरमध्ये तार पिळून घालायला जागा नसते.

मॉड्यूल बसवण्याचे मूळ काम त्यानंतर तासाभरात झाले. बॅटरीचे ऋणाग्र सोडले आणि चालकाच्या गुडघ्यांसमोर एअरबॅग नाही, याची खात्री करूनच डॅशखालच्या पट्टीला भोके पाडली. अनेक नव्या पिकअपमध्ये ती असते आणि तिच्यावर ड्रिल चालवणे जिवावर बेतू शकते. जुने मॉड्यूल जागा मिळेल तसे, कलते आणि तोंड बाजूला करून बसवलेले होते. आतील संवेदक गाडीच्या धावण्याच्या दिशेतील वेगाचा बदल मोजतो, म्हणून नवे मॉड्यूल समपातळीत आणि नाक सरळ पुढे ठेवून बसवले. लाल तार ब्रेक दिव्याच्या स्विचपलीकडच्या बाजूला, म्हणजे पेडल दाबल्यावरच जिवंत होणाऱ्या तारेला जोडली आणि पेडल सोडल्यावर तेथे शून्य व्होल्ट राहतात हे पाहिले. ट्रेलरची छोटी बॅटरी नवी बसवली. डावे मागचे चाक इतरांपेक्षा कमी झिजलेले असल्याने चारही चाकांचे शू नव्याने जुळवून घेतले. ड्रमच्या आतल्या कडा साफ केल्या आणि चुंबकांची झीज चारही ठिकाणी मर्यादेत असल्याचे पाहिले.

चाचणीसाठी घोडी वापरायची नाहीत यावर माझे आणि चाचांचे एकमत झाले. त्यांच्याऐवजी सरकी पेंडेची ५० किलोंची सोळा पोती ट्रेलरमध्ये रचली, म्हणजे दोन घोड्यांचे आठशे किलो झाले. इंजिन चालू ठेवून पूर्ण जोर दिला, तेव्हा निळ्या तारेत १४.४ अँपिअर मिळाले आणि चुंबकांशी ११.५ व्होल्ट. शहराबाहेरच्या मोकळ्या, सपाट आणि कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगात फक्त हातकळ सरकवून ट्रेलरचा ब्रेक लावत, चाके अडून घासू लागण्याच्या अलीकडे जोर ठरवला. त्याआधी शू बसते व्हावेत म्हणून ताशी ६५ वरून ३० पर्यंत वेग उतरवण्याची आवर्तने वीस-पंचवीस वेळा, मधे थंड होऊ देत, करून घेतली होती. हा ठरवलेला जोर भरलेल्या ट्रेलरसाठीच खरा असतो. रिकाम्या ट्रेलरला तोच जोर ठेवला तर चाके जागीच अडतात आणि ट्रेलर मागून सरकतो, म्हणून दोन आकडे चिकटपट्टीवर लिहून डॅशवर लावले : "भरलेला" आणि "रिकामा".

मग आबांना शेजारी बसवून पोत्यांसह मांजरसुंब्याचा घाट चढलो आणि उतरलो. उतरताना खालचा गिअर ठेवला आणि ब्रेक सतत दाबून न धरता थोडा थोडा लावला. पायथ्याशी थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रम तपासले. ते ९२ ते १०४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघाले आणि डावा मागचा ड्रम इतर तिघांच्या रांगेत होता. हा आकडा माझ्या दृष्टीने अँपिअरपेक्षा महत्त्वाचा होता. वीज सर्व चुंबकांना मिळत असली तरी एखादा शू ग्रीसने माखलेला असू शकतो किंवा तरफ अडकलेली असू शकते, आणि ते फक्त ड्रमच्या उष्णतेतून कळते. आबांनी काटेरी लाकडाला हात लावावा तसा एका चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि पहिल्यांदा, दोन दिवसांत, माझ्याशी हसून बोलले.

ब्रेकअवे पिनचा प्रश्न मात्र तारांनी सुटणारा नव्हता. निळ्या तारेत डायोड घालून उलटी वीज अडवता आली असती, असे सुचवणारे भेटतात. मी ते केले नाही. डायोडमध्ये थोडे व्होल्ट कायमचे खर्च होतात, तो तापतो आणि त्याच्या बिघाडाने ब्रेकच जातो. त्याऐवजी बाभळीच्या लाकडाचे चार ठोकळे कापून, त्यांना दोरी बांधून, चाचांच्या हाती दिले आणि घोडी उतरवण्यापूर्वी ते चाकांना कसे लावायचे हे दोनदा करून दाखवले. चाचांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि एकाची कड त्यांना बोथट वाटली म्हणून स्वतःच तासून घेतली.

यात्रेहून परतताना आबा पुन्हा आले. माळेगावपर्यंत जाऊन-येऊन, घोड्यांसह, कोणतीही तक्रार नव्हती. पूर्ण जोरावर १४.२ अँपिअर मिळाले, एक्सलमागची तार जागच्या जागी होती आणि ट्रेलरची छोटी बॅटरी १२.६ व्होल्टवर होती, म्हणजे पिन कोणी ओढली नव्हती. बिल मात्र त्यांनी त्याच दिवशी नीट वाचले. मॉड्यूल बसवण्याची मजुरी एका तासाची होती आणि तारा, ड्रम, तपासणी व चाचणी मिळून दोन दिवसांची, हे पाहून त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, पैसे मोजून दिले, आणि गाडीत बसता बसता मागे वळून विचारले, "चाचा, ठोकळे घेतले का?"